व्हाइटचॅपलचे खून : संशयित शंभर, पुरावा किती?

१८८८ सालच्या ३१ ऑगस्टपासून ९ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत, लंडनच्या ईस्ट एंड भागात पाच स्त्रियांचे गळे चिरून खून झाले. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली. खुनी सापडला नाही, कोणावरही खटला उभा राहिला नाही. एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्राखाली ‘जॅक द रिपर’ अशी सही होती, आणि तेच नाव त्या अज्ञात माणसाला कायमचे चिकटले. तेव्हापासून आजवर शंभराहून अधिक माणसांवर पुस्तकांतून, लेखांतून आणि माहितीपटांतून या खुनांचा आरोप झाला आहे. त्यांत बॅरिस्टर आहे, न्हावी आहे, गाडीवान आहे, चित्रकार आहे आणि राणी व्हिक्टोरियाचा नातूही आहे.

यांपैकी खरा कोण, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. यांपैकी एका तरी माणसाविरुद्ध न्यायालयात टिकेल असा पुरावा आहे का? आरोप झालेला एकही माणूस आज उत्तर द्यायला हयात नाही. त्यामुळे पुरावा तपासण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.

या तपासणीसाठी कसोटी दूर शोधायला नको. भारतीय पुरावा कायदा १८७२ साली झाला, तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या हातचा. २०२४ च्या जुलैमध्ये भारतीय साक्ष अधिनियम लागू होईपर्यंत आपल्या न्यायालयांत तोच चालत होता. स्टीफन पुढे इंग्लंडमध्ये न्यायाधीश झाले. या प्रकरणातल्या संशयितांच्या यादीशी त्यांचे नाव दोन ठिकाणी जोडलेले आहे, ते पुढे येईलच. त्यांनी कायद्यात घातलेली तत्त्वे साधी आहेत. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. ज्याने पाहिले त्याने सांगावे, सांगोवांगीचे चालत नाही. माणूस वाईट चालीचा आहे एवढ्यावरून त्याने हा गुन्हा केला असे ठरत नाही. घटनेच्या वेळी तो दुसरीकडे होता हे दिसले, तर ते तपासलेच पाहिजे. आणि शहाण्या माणसाने जिच्यावर विसंबून पाऊल उचलावे इतकी संभाव्य असेल, तीच गोष्ट शाबीत झाली म्हणायची.

हाती काय उरले आहे

आधी पुराव्याची शिल्लक पाहू. पहिला खून बक्स रो या रस्त्यावर, दुसरा हॅनबरी स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घरामागच्या अंगणात. ३० सप्टेंबरच्या पहाटे एका रात्रीत दोन : स्ट्राइड बर्नर स्ट्रीटजवळच्या डटफील्ड्स यार्डमध्ये, आणि पाऊण तासाने एडोज माइटर स्क्वेअरमध्ये. शेवटचा खून मिलर्स कोर्टमधल्या केलीच्या खोलीत. माइटर स्क्वेअर सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या हद्दीत होता, बाकीची सर्व ठिकाणे मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या. एकाच तपासाची कागदपत्रे त्यामुळे दोन दलांत विभागली गेली आणि त्यांतली बरीचशी नंतर गहाळ झाली.

खून पाचच होते का, हेही पक्के नाही. पोलिसांच्या ‘व्हाइटचॅपल खून’ या फाइलमध्ये एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळातले अकरा मृत्यू आहेत. ७ ऑगस्ट १८८८ रोजी मार्था टॅब्रम हिच्यावर ३९ वार झाले होते. तिला काही अभ्यासक खुन्याचा पहिला बळी मानतात. उलट स्ट्राइडच्या गळ्यावर वार होता पण पोट फाडलेले नव्हते, म्हणून काहीजण तिला यादीतून वगळतात. या यादीला महत्त्व आहे, कारण एखाद्या तारखेला संशयित दुसरीकडे होता असे निघाले की त्याचा समर्थक ती तारीखच यादीतून काढू शकतो.

वैज्ञानिक साधने जवळपास नव्हती. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या कामातून उभे राहिले आणि तिथे ठशांचा विभाग १८९७ मध्ये सुरू झाला. स्कॉटलंड यार्डने ती पद्धत १९०१ साली घेतली. रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा, हे खात्रीने सांगणारी चाचणीही १९०१ सालचीच. कत्तलखान्यांनी भरलेल्या व्हाइटचॅपलमध्ये रक्ताने माखलेला माणूस दिसणे ही रोजची गोष्ट होती, आणि त्या रक्तावरून काही ठरवण्याची सोय नव्हती.

खुन्याने मागे ठेवलेली निर्विवाद वस्तू एकच : एडोजच्या एप्रनचा कापून नेलेला तुकडा. तो गुलस्टन स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या दारात पहाटे २.५५ वाजता आल्फ्रेड लाँग या शिपायाला सापडला. माइटर स्क्वेअरमधून खुनी शहराबाहेर पळाला नाही, व्हाइटचॅपलच्या दाट वस्तीकडे परत गेला, एवढे त्यावरून म्हणता येते. त्या तुकड्याच्या वरच भिंतीवर खडूने ज्यूंविषयी एक वाक्य लिहिलेले होते. ते खुन्याने लिहिले की आधीपासूनच तिथे होते, हे कळायला मार्ग नाही. दंगल उसळेल या भीतीने पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी छायाचित्र घेण्याआधीच ते पुसायला लावले.

साक्षीदारांचे तेच. जोसेफ लावेंड याने एडोजचा मृतदेह सापडण्यापूर्वी सुमारे दहा मिनिटे, जवळच एका माणसाला बहुधा तिच्याशीच बोलताना पाहिले. पण तो माणूस पुन्हा दिसला तर ओळखता येईल असे वाटत नाही, असे त्याने स्वतःच चौकशीत सांगितले. इस्राएल श्वार्ट्झने स्ट्राइडशी झालेली झटापट पाहिली, खून पाहिला नाही. प्रत्यक्ष वार करताना खुन्याला पाहिलेला एकही साक्षीदार नाही.

डॉक्टरांतही एकमत नव्हते. चॅपमनचे शव तपासणाऱ्या जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांना खुन्याला शरीररचनेचे ज्ञान असावे असे वाटले. केलीचे शव पाहिलेल्या टॉमस बाँड यांनी लिहिले की त्याला खाटकाइतकेही ज्ञान दिसत नाही. या मतभेदामुळे डॉक्टरापासून मजुरापर्यंत कोणताही माणूस पुराव्यात बसवता येऊ लागला.

उत्तर देण्याची संधी मिळालेला माणूस

पहिल्या दोन खुनांच्या सुमारास ‘लेदर एप्रन’ या टोपणनावाच्या माणसाविरुद्ध वर्तमानपत्रांनी रान उठवले. १० सप्टेंबरला जॉन पायझर या ज्यू चांभाराला अटक झाली. वस्तीत ज्यू निर्वासितांविषयी आधीच द्वेष धुमसत होता, त्यात हे तेल पडले. पण निकोल्सच्या खुनाच्या रात्री पायझर कित्येक मैल दूर हॉलोवेमध्ये होता, आणि गोदीला लागलेल्या आगीच्या उजेडाबद्दल तो एका पोलिसाशीच बोलला होता. कॉरोनर विन बॅक्स्टर यांनी त्याला चौकशीत उभे केले, त्याला आपली बाजू सांगू दिली आणि तो निर्दोष ठरला.

पायझर हयात होता, आणि त्याला पाहिलेला पोलीसही हयात होता, म्हणून तो वाचला. तोच पायझर शंभर वर्षांनी एखाद्या लेखकाच्या हाती लागला असता, त्या रात्रीच्या पोलिसाची नोंद गहाळ झालेली असती, तर त्याच्याविरुद्ध किती भक्कम पुस्तक लिहिता आले असते याचा विचार करावा. वस्तीतला रहिवासी, चामडे कापण्याची सुरी वापरणारा, स्त्रियांना धमकावतो अशी ख्याती असलेला. पुढच्या प्रत्येक संशयिताकडे पाहताना पायझरचे उदाहरण समोर असायला हवे.

मॅक्नॉटन यांची तीन नावे

संशयितांच्या चर्चेचा मूळ दस्तऐवज २३ फेब्रुवारी १८९४ चा आहे. ‘द सन’ या वृत्तपत्राने ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बंद असलेला एक माणूस खुनी असल्याचे छापले होते. त्याला उत्तर म्हणून स्कॉटलंड यार्डचे अधिकारी मेल्व्हिल मॅक्नॉटन यांनी एक टिपण केले. त्या माणसापेक्षा हे तीन जण अधिक संभवनीय, असे म्हणून त्यांनी माँटेग्यू जॉन ड्रुइट, कोझ्मिन्स्की आणि मायकेल ऑस्ट्रॉग ही नावे दिली. कोणाविरुद्धही पुराव्याची सावलीदेखील नव्हती, हेही त्याच टिपणात आहे. तिघांना पुढे आणणारे लेखक हे वाक्य सहसा मागे ठेवतात.

मॅक्नॉटन स्वतः या तपासात नव्हते. ते बंगालमध्ये वडिलांच्या मळ्यांचा कारभार पाहत असत. तिथे त्यांची ओळख पोलीस अधिकारी जेम्स मन्रो यांच्याशी झाली आणि मन्रोंनीच त्यांना यार्डात आणायचे ठरवले. बंगालमध्ये रयतेच्या जमावाकडून मार खाल्लेला माणूस नको, म्हणून वॉरन यांनी १८८८ मध्ये ती नेमणूक अडवली होती. मॅक्नॉटन रुजू झाले ते जून १८८९ मध्ये, केलीच्या खुनानंतर सात महिन्यांनी. त्यांनी लिहिले ते सारे इतरांकडून ऐकलेले.

ऑस्ट्रॉगचा निकाल सोपा आहे. तो सराईत भामटा होता, आणि १८८८ च्या शरद ऋतूत तो फ्रान्समधल्या तुरुंगात असल्याचे नंतर कागदोपत्री सिद्ध झाले. तीनपैकी एक नाव इतके पूर्ण चुकीचे निघते, तेव्हा उरलेल्या दोन नावांवरही त्या टिपणाच्या भरवशावर विश्वास ठेवता येत नाही.

ड्रुइटचे प्रकरण करुण आहे. मॅक्नॉटन त्याला सुमारे ४१ वर्षांचा डॉक्टर म्हणतात. प्रत्यक्षात तो ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि ब्लॅकहीथच्या एका शाळेतला शिक्षक होता. ३१ डिसेंबर १८८८ ला त्याचा मृतदेह चिझिकजवळ थेम्स नदीत सापडला. खिशांत दगड होते. १ डिसेंबरचे रेल्वेचे तिकीटही होते. त्याच्या आईला त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले होते, आणि आपलीही तीच गत होणार अशी भीती त्याने चिठ्ठीत लिहून ठेवली होती. नोव्हेंबरअखेरीस शाळेने त्याला कामावरून काढले होते. आत्महत्येचे कारण इथे समोर आहे. त्यासाठी खुनांची गरज पडत नाही.

त्याच्याविरुद्धचा सारा युक्तिवाद दोन गोष्टींवर उभा आहे. शेवटच्या खुनानंतर तो मेला, आणि घरच्यांनाच त्याचा संशय होता असे मॅक्नॉटन यांना ‘खासगी माहिती’वरून वाटत होते. पहिली गोष्ट योगायोगाच्या पलीकडे जात नाही. केलीच्या खुनानंतर तीन आठवडे तो आपले काम करत होता. दुसरी तर निव्वळ सांगोवांगी : कोणी सांगितले, कधी सांगितले, सांगणाऱ्याने काय पाहिले होते, काहीच नाही. स्टीफन यांच्या कायद्यापुढे ती उभीही राहू शकत नाही. उलट बाजूला एक ठोस नोंद आहे. ८ सप्टेंबरला पहाटे चॅपमनचा खून झाला आणि त्याच दिवशी सकाळी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथला क्रिकेटच्या सामन्यात खेळत होता. ही नोंद त्याला सोडवत नाही, कारण अंतर पार करण्याजोगे होते. पण रात्रभर गल्ल्यांत खून करून सकाळी मैदानावर उतरलेला माणूस सिद्ध करायचा असेल, तर तो भार आरोप करणाऱ्यावर आहे. तो कोणीही उचललेला नाही. तपासावर प्रत्यक्ष राबलेले इन्स्पेक्टर फ्रेडरिक ॲबरलाइन यांनीही १९०३ मध्ये बुडून मेलेल्या माणसाची गोष्ट फेटाळली होती.

कोझ्मिन्स्की : सर्वांत गंभीर नाव

कोझ्मिन्स्कीविरुद्धचे प्रकरण अधिक काळजीपूर्वक पाहावे लागते, कारण त्याचे नाव एकट्या मॅक्नॉटन यांच्याकडून येत नाही. खुनांच्या काळात गुन्हे अन्वेषणाचे प्रमुख असलेले रॉबर्ट अँडरसन यांनी १९१० च्या आठवणींत नाव न घेता लिहिले की खुनी एक खालच्या वर्गातला पोलिश ज्यू होता. साक्षीदाराने त्याला ओळखले, पण तोही ज्यू असल्याने साक्ष द्यायला नकार दिला. तपासाची सर्व सूत्रे ज्यांच्या टेबलावर एकत्र येत ते चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांनी त्या आठवणींच्या आपल्या प्रतीत समासात पेन्सिलने लिहून ठेवले की तो संशयित कोझ्मिन्स्की होय. ही टीप १९८७ मध्ये जगासमोर आली. त्याच सुमारास मार्टिन फिडो यांनी वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या धुंडाळून ॲरन कोझ्मिन्स्की हा न्हावी शोधून काढला.

दोन वरिष्ठ अधिकारी एकाच माणसाकडे बोट दाखवतात, हे हलक्यात घेण्यासारखे नाही. पोलिसांना कोझ्मिन्स्की नावाच्या कोणावर तरी खरोखर संशय होता, एवढे मान्य करायला हवे. पण संशयाची नोंद म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

तपशील जुळत नाहीत. स्वॉन्सन लिहितात की ओळख पटवली ती ‘सीसाइड होम’ नावाच्या ठिकाणी आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कोझ्मिन्स्की कोलनी हॅच इस्पितळात मेला. इस्पितळाची नोंद सांगते की ॲरन कोझ्मिन्स्की ७ फेब्रुवारी १८९१ रोजी दाखल झाला, १८९४ मध्ये त्याला लीव्हस्डेनच्या इस्पितळात हलवले आणि तो १९१९ पर्यंत जगला. म्हणजे अधिकाऱ्यांच्या आठवणीपेक्षा पाव शतक अधिक. केलीच्या खुनानंतर दोन वर्षांहून जास्त काळ तो मोकळा होता. दाखल करताना त्याला इतरांसाठी धोकादायक मानले गेले नव्हते. बहिणीवर सुरी उगारल्याचा आणि एकदा सेवकावर खुर्ची उचलल्याचा उल्लेख आहे. बाकी त्याला आवाज ऐकू येत, तो कोणाच्या हातचे खात नसे, गटारातले पाव वेचून खाई.

ओळख पटवण्याचा प्रसंगही असाच निराधार आहे. तो कधी झाला, साक्षीदार कोण, समोर आणखी माणसे उभी केली होती का, हे सांगणारा त्या वेळचा एकही कागद मिळालेला नाही. साक्षीदार लावेंड असेल, तर ज्याने काही दिवसांतच ओळखण्याबद्दल शंका व्यक्त केली होती, त्याला दोन-अडीच वर्षांनी खात्री कशी वाटली? अँडरसन यांच्या कथनात ज्यू समाज आपल्या माणसाला कायद्याच्या हाती देत नाही हा पूर्वग्रह स्पष्ट दिसतो, आणि पूर्वग्रहावर बेतलेली आठवण अधिक सावधपणे वाचायला हवी.

मग आली शाल. रसेल एडवर्ड्स यांनी २००७ मध्ये लिलावात घेतलेली ही शाल एडोजच्या मृतदेहाजवळ सापडली आणि एमोस सिम्प्सन या पोलिसाने ती घरी नेली, अशी कुटुंबातून चालत आलेली कथा आहे. २०१४ मध्ये यारी लुहेलायनेन यांनी केलेल्या डीएनए तपासणीच्या आधारे प्रकरण सुटल्याचा पुकारा झाला. २०१९ मध्ये न्यायवैद्यकाच्या एका नियतकालिकात शोधनिबंधही आला. मुद्देमालाच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्याच पायरीवर ही वस्तू अडते. एडोजच्या अंगावरच्या कपड्यांची आणि खिशातल्या बारीकसारीक वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी उपलब्ध आहे. तिच्यात शाल नाही. सिम्प्सन मेट्रोपॉलिटन दलाचा, जागा सिटी पोलिसांची. एकशे वीस वर्षे ती कोणाच्या हातांतून गेली, याचा पंचनामा नाही.

विज्ञानाची बाजूही डळमळीत आहे. तपासलेला डीएनए मायटोकाँड्रियल, म्हणजे आईकडून मुलांकडे जाणारा. तो हजारो लोकांत सारखा असू शकतो. त्यावरून एखाद्याला वगळता येते, नेमके बोट दाखवता येत नाही. २०१४ मध्ये जो बदल अतिदुर्मीळ म्हणून सांगितला गेला, तो नोंद करताना झालेल्या चुकीमुळे दुर्मीळ वाटला होता आणि युरोपीय वंशाच्या बहुसंख्य लोकांत आढळतो, हे इतर तज्ज्ञांनी दाखवून दिले. २०१९ च्या निबंधात डीएनएचे मूळ क्रम न छापता रंगीत चौकटी दिल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या कोणाला पडताळणी करणे शक्य नव्हते. ज्या निष्कर्षाची पडताळणी होत नाही त्याला तज्ज्ञाचा पुरावा म्हणता येत नाही.

लेचमेर : जागेवर सापडलेला माणूस

अलीकडच्या काळात सर्वांत जोराने मांडले गेलेले नाव चार्ल्स ॲलन लेचमेर याचे. पिकफर्ड्स कंपनीचा हा गाडीवान पहाटे कामाला जाताना बक्स रोमध्ये निकोल्सच्या मृतदेहाजवळ उभा होता. मागून आलेल्या रॉबर्ट पॉलला त्याने थांबवले, दोघांनी तिला पाहिले आणि पुढे भेटलेल्या जोनास मायझन या शिपायाला सांगितले. २०१४ च्या एका माहितीपटाने आणि क्रिस्टर होल्मग्रेन व एडवर्ड स्टो यांच्या मांडणीने हे नाव घरोघर पोहोचवले.

युक्तिवाद चार मुद्द्यांचा आहे. त्याने पोलिसांना चार्ल्स क्रॉस असे नाव सांगितले. घरून साडेतीनला निघाल्यास तो आधीच तिथे पोहोचायला हवा होता, म्हणजे काही मिनिटांचा हिशेब लागत नाही. तिथे आधीच एक पोलीस आहे असे तो मायझनला खोटे बोलला. आणि त्याचा कामाचा रस्ता इतर खुनांच्या जागांजवळून जात असे.

या मांडणीचे एक मोल मान्य करायला हवे. इतर बहुतेक संशयितांना खुनाच्या जागी नेऊन उभे करावे लागते, लेचमेर तिथे खरोखर होता. पण मुद्दे एकेक करून पाहिले की सुटत जातात. क्रॉस हे त्याच्या सावत्र वडिलांचे आडनाव. १८६१ च्या जनगणनेत तो त्याच नावाने नोंदला आहे. लपायचे असते, तर त्याने चौकशीत आपला खरा पत्ता आणि मालकाचे नाव सांगितले नसते. वेळेचे म्हणावे, तर पॉल म्हणतो आपण पावणेचारला बक्स रोमध्ये शिरलो, शिपाई जॉन नील म्हणतो मला पावणेचारला मृतदेह दिसला, मायझन म्हणतो पावणेचारला ते दोघे मला भेटले. हे तिन्ही एकाच मिनिटात घडू शकत नाही. ज्या काळात बहुतेकांकडे घड्याळ नव्हते त्या काळातल्या अंदाजांवर मिनिटांचा हिशेब मांडून माणसाला फासावर चढवता येत नाही. मायझनशी काय बोलणे झाले याबद्दल दोघांचे जबाब वेगळे आहेत, आणि मायझनलाही बचावाची गरज होती : खबर मिळूनही तो लगेच निघाला नाही, असे पॉलचे म्हणणे छापून आले होते.

उरला रस्ता. कामाच्या वाटेवर खून, हे सूत्र चॅपमनच्या बाबतीत अडखळते. एलिझाबेथ लाँग हिने चॅपमनला साडेपाचला जिवंत पाहिल्याचे सांगितले. लेचमेरचे काम चारला सुरू होई. फिलिप्स यांचा अंदाज मानला तर मृत्यू साडेपाचच्या बराच आधी झाला. म्हणजे लेचमेरला दोषी ठरवायचे तर त्याला सोयीची वेळ निवडावी लागते. ३० सप्टेंबरचे दोन खून रविवारच्या पहाटेचे, ते कामाच्या वाटेत बसतच नाहीत; तिथे मग तो नातेवाइकांकडे गेला असेल अशी कल्पना जोडली जाते. पहाटेच्या वस्तीत मृतदेह कोणाला तरी आधी सापडणारच. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा न्याय खुनाला लागू करता येत नाही.

बाकीची नावे

इतर नावे थोडक्यात पाहता येतात. सेवेरिन क्लोसोव्स्की ऊर्फ जॉर्ज चॅपमन याने तीन स्त्रियांवर विषप्रयोग केला, त्यांपैकी एकीच्या खुनाबद्दल त्याला १९०३ मध्ये फाशी झाली आणि ॲबरलाइन यांना तोच खुनी वाटला. पण सुरीने गळा कापणारा पुढे महिनोन्महिने विष देत बसेल, असे दाखवणारा एकही दुवा नाही. वाईट चालीवरून गुन्हा शाबीत होत नाही, ते इथे लागू पडते. फ्रान्सिस टंबल्टी या अमेरिकन वैदूचे नाव निवृत्त अधिकारी लिटलचाइल्ड यांच्या १९१३ च्या पत्रातून आले. दुसऱ्या गुन्ह्यात जामिनावर असताना तो फ्रान्समार्गे अमेरिकेला पळाला, हे खरे आहे. पळून जाण्याला त्याच्यावरचा दुसरा खटला पुरेसा होता.

चित्रकार वॉल्टर सिकर्ट याच्यावर पॅट्रिशिया कॉर्नवेल यांनी २००२ मध्ये पुस्तक लिहिले. रिपरच्या नावाने आलेल्या काही पत्रांशी डीएनए आणि कागद जुळवण्याचा प्रयत्न त्यात आहे. अशी पत्रे शेकड्यांनी आली होती, आणि सर्वांत प्रसिद्ध पत्र एका पत्रकारानेच लिहिले असे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे मत होते. खोटे पत्र लिहिणारा खुनी असतो असे नाही. त्या काळात सिकर्ट बराच वेळ फ्रान्समध्ये असल्याच्याही खुणा आहेत. राणीचा नातू राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर याचे नाव १९७० च्या दशकात गाजले. दोन खून झाले तेव्हा तो स्कॉटलंडमध्ये बालमोरलला होता.

आता स्टीफन यांच्याकडे परत येऊ. लिव्हरपूलचा कापूस व्यापारी जेम्स मेब्रिक याची म्हणून एक रोजनिशी १९९२ मध्ये पुढे आली, तिच्यात खुनांची कबुली आहे. ती पुढे आणणाऱ्या माणसाने ती बनावट असल्याचे सांगितले, नंतर ते म्हणणे मागेही घेतले. १९९२ पूर्वी ती कुठे होती याचा विश्वासार्ह माग नाही, त्यामुळे ती पुरावा म्हणून कामाची नाही. याच मेब्रिकला विष दिल्याबद्दल त्याची पत्नी फ्लॉरेन्स हिच्यावर १८८९ मध्ये खटला चालला. न्यायाधीश होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेत बदलली, आणि तो निकाल अन्यायाचा होता असे आजही अनेकांना वाटते. राजपुत्राचा केंब्रिजमधला शिक्षक जे. के. स्टीफन हा या न्यायाधीशांचाच मुलगा. १९७२ मध्ये मायकेल हॅरिसन यांनी त्यालाही खुनी ठरवले. आधाराला होत्या त्याच्या स्त्रीद्वेष्ट्या कविता आणि मानसिक आजार. पुराव्याचा कायदा लिहिणाऱ्याच्या मुलावरच पुराव्याशिवाय आरोप झाला.

निष्कर्ष

ही सारी प्रकरणे एकत्र ठेवली की एकच चूक वारंवार दिसते. माणूस आधी निवडला जातो आणि पुरावा नंतर गोळा होतो. आधी कळस, मग पाया. जुळणाऱ्या गोष्टी पुढे येतात, न जुळणाऱ्यांसाठी तारीख, वेळ किंवा बळींची यादी बदलली जाते. आणि जो माणूस परका, वेडा, गरीब किंवा ज्यू होता त्याच्यावर संशय सहज बसतो. त्या काळी वस्तीत हेच झाले, आणि आजही पुस्तकांत तेच होत आहे.

माझा निकाल असा. ड्रुइट, टंबल्टी, क्लोसोव्स्की आणि लेचमेर यांच्याविरुद्ध संशय आहे, पुरावा नाही. ऑस्ट्रॉग आणि राजपुत्र यादीतून पूर्ण बाहेर. मेब्रिक, सिकर्ट आणि जे. के. स्टीफन यांच्याविरुद्ध खटला भरण्याजोगे काहीच नाही. कोझ्मिन्स्कीवर त्या काळच्या पोलिसांचा खरा संशय होता आणि म्हणून तो सर्वांत गंभीर उमेदवार. पण त्याच्याविरुद्धही जे आहे ते आठवणी, समासातली टीप आणि एका संशयास्पद शालीच्या पलीकडे जात नाही. न्यायालयात त्याची निर्दोष मुक्तता झाली असती आणि ती योग्य ठरली असती.

हा विषय सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. फिडो यांनी नोंदवह्या चाळल्या म्हणून कोझ्मिन्स्कीच्या मृत्यूची खरी तारीख कळली. ऑस्ट्रॉग तुरुंगात होता हेही अभ्यासकांच्या कष्टांमुळेच उघड झाले. हॅली रूबेनहोल्ड यांनी २०१९ मध्ये पाच स्त्रियांची चरित्रे मांडली, तेव्हा सव्वाशे वर्षे केवळ ‘बळी’ म्हणून नोंदलेल्या बायका संसार, कष्ट, दारिद्र्य आणि आजारपण यांसह दिसू लागल्या. कागद शोधणाऱ्यांनी या प्रकरणात खरी भर घातली आहे, नावे जाहीर करणाऱ्यांनी नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. ‘अखेर उलगडा झाला’ अशी घोषणा करणारे पुढचे पुस्तक किंवा माहितीपट समोर आला की तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट कोणी स्वतः पाहिली होती? ही वस्तू आजवर कोणाकोणाच्या ताब्यात होती? आणि याच पुराव्यावर त्या रात्री वस्तीत असलेला दुसरा एखादा माणूसही दोषी ठरला असता का? आजवर झालेला एकही आरोप या तीन प्रश्नांच्या कसोटीला उतरलेला नाही.